मराठवाड्यात बुकिंग न करता कॅम्परव्हॅन घेऊन फिरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर आहे. मागच्या सीटा काढून आत पलंग, छोटा ओटा आणि ऐंशी लिटरची पाण्याची टाकी बसवली आहे. लातूरहून निघायचं आणि आठही जिल्ह्यांत मन मानेल तिकडे फिरायचं, असं काही वर्षं चाललंय. बुकिंग कधीच केलं नाही. लोक फोन करकरून तेच तेच विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

मराठवाड्यात आरव्ही पार्क किंवा कॅम्पसाइट आहे का?

परदेशी व्हिडिओत दिसतो तसा, म्हणजे प्रत्येक गाडीला आखलेली जागा, विजेचा खांब, पाण्याचा नळ आणि मैला सोडायचं तोंड असलेला पार्क इथे धरून चालू नका. राज्य सरकारनं 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामुळे शब्द तरी कागदावर आला. पण संध्याकाळी पाच वाजता केजच्या पुढे कुठेतरी असताना धोरणाचा उपयोग होत नाही. तिथे विचारायला माणूस लागतो. इथे जागा शोधायची म्हणजे नकाशा उघडायचा नाही, काच खाली करायची.

अमेरिकेत लोक बुकिंगशिवाय फिरतात, मग तीच पद्धत इथे का चालत नाही?

तिथली पद्धत तिथल्या जमिनीवर उभी आहे. राष्ट्रीय वनांच्या आणि केंद्र सरकारच्या ताब्यातल्या मोकळ्या जमिनी अफाट आहेत, आणि तिथे बऱ्याच ठिकाणी चौदा दिवसांपर्यंत फुकट मुक्काम करता येतो. काही कॅम्पग्राउंड 'आधी येईल त्याला जागा' या तत्त्वावर चालतात. वॉलमार्टच्या काही दुकानांचे व्यवस्थापक पार्किंगमध्ये रात्र काढू देतात. आपल्याकडे रिकामी दिसणारी जमीनही कोणाची तरी असतेच: वावर, गायरान, वनखातं, पाटबंधारे, देवस्थान. गायरान मोकळं दिसलं तरी त्यावर गावाचा डोळा असतो. त्यामुळे तिथला 'गुपचूप लावा आणि पहाटे निघा' हा सल्ला इथे वापरू नका. गुपचूप लावलेली गाडी गावाला चोराची वाटते. उजेडात सगळ्यांसमोर लावलेली गाडी पाहुण्याची होते.

मग रात्री गाडी लावायची तरी कुठे?

माझी पहिली पसंती ऐकून लोक हसतात: मंगल कार्यालय. तालुक्याच्या गावाबाहेर, हायवेला लागून, दोन-चार एकरांची लॉन्स हल्ली सगळीकडे झाली आहेत. भिंतीचं आवार, मुरूम टाकलेलं सपाट पार्किंग, संडास-बाथरूम, बोअरचं पाणी आणि रात्रभर वॉचमन. कॅम्पसाइटला आणखी काय लागतं? फक्त दिनदर्शिकेत लग्नतिथी बघा. तिथी असेल त्या दिवशी तिकडे फिरकू नका, पहाटेपर्यंत डीजे असतो. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत आणि पुढे पौषात ही आवारं बहुतेक ओस असतात. मॅनेजरचा नंबर गेटवरच रंगवलेला असतो. "एक रात्र गाडी लावायची आहे, संडास वापरू, सकाळी सातला जाऊ" असं सरळ सांगायचं. नाही म्हटलेलं मला फार कमी आठवतं. आम्ही वॉचमनच्या हातात काहीतरी ठेवतो आणि त्याला चहा पाजतो.

दुसरा नंबर पेट्रोल पंपाचा. हवा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह ही पंपावरची मोफत सोय आहे, त्यासाठी मिंधं व्हायचं कारण नाही. मुक्काम मात्र मालकाच्या मर्जीवर. टाकी तिथेच भरा, मग विचारा. हायवेवरचा मोठा, रात्रभर चालू असलेला पंप निवडा, आणि गाडी ट्रकच्या रांगेत न लावता ऑफिसच्या बाजूला, कॅमेऱ्याखाली लावा. ट्रकवाले पहाटे चारला इंजिन गरम करतात, त्या आवाजात झोप लागत नाही.

धाबा तिसरा. जेवलात तर लावू देतात. शाकाहारी, कुटुंबं थांबतात असा धाबा बघा. 'परमिट रूम' अशी पाटी असेल तर जेवा आणि पुढे चला.

शासकीय विश्रामगृहात आयत्या वेळी खोली मिळणं हा नशिबाचा भाग आहे, साहेबांचा दौरा लागला की झालंच. आवारात गाडी लावायला मात्र खानसाम्याला विचारून बघायला हरकत नाही. शहरात, म्हणजे छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूरमध्ये, साध्या लॉजवर एक खोली घ्या. दोघं खोलीत, बाकीचे गाडीत, आणि आंघोळी सगळ्यांच्या.

मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, लावलेलं चालतं का?

सोयाबीन बाजारात यायला लागलं की नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लातूरच्या मोंढ्यात टेम्पो आणि पोत्यांच्या मध्ये उभं राहायला जागा नसते. इतर दिवसांत रात्री शांतता असते, पण उंदीर वायरी कुरतडतात. आमच्या हेडलाइटची वायर अशीच गेली.

जागा शोधायला किती वाजता लागावं?

चारला. हा नियम मोडून आम्ही प्रत्येक वेळी पस्तावलो आहोत. डिसेंबरात सहाच्या आत सूर्य बुडतो. चार वाजता शेतात माणसं असतात, सरपंच चावडीवर किंवा टपरीवर सापडतो, बायाबापड्या घरी परतत असतात आणि तुमच्या गाडीत बायको-मुलं आहेत हे सगळ्यांना दिसतं. आठ वाजता तीच विचारणा केली तर कुत्री भुंकतात आणि आतून "कोण हाय?" असा आवाज येतो.

शेतात किंवा आखाड्यावर थांबायचं असेल तर विचारायचं कसं?

परभणी, हिंगोली, नांदेडकडे शेतातल्या घराला, गोठ्यासकटच्या त्या बिऱ्हाडाला, आखाडा म्हणतात. तिथे थांबणं हा या सगळ्या भटकंतीतला खरा आनंद आहे. गाडी रस्त्यावरच ठेवा, एकट्यानं नाही तर घरातल्या बाईमाणसाला घेऊन चालत जा. आधी राम राम, मग गाव सांगायचं, मग काम. एकदा बोरीच्या अलीकडे झालेलं बोलणं जसंच्या तसं देतो:

"राम राम मामा. आम्ही लातूरचे. रातभर गाडी लावावं म्हणलं हितं, चालंल का?"

"दवाखान्याची गाडी हाय का? डाक्टर कुटं हाय?"

"दवाखान्याची न्हाई, आमचीच हाय. आत झोपायला पलंग हाय."

"का? घरी पलंग न्हाई का?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. मामांनी मात्र बैल सरकवले, गोठ्याशेजारी जागा दिली आणि "जेवलाव का?" विचारलं. जेवलो म्हटलं तरी काकूंनी भाकरी आणि ठेचा पाठवलाच. रात्री चार-पाच पोरं आत डोकावून गेली, एकानं सिंकचा नळ सोडून बघितला आणि बाहेर जाऊन बातमी दिली की पाणी येतंय.

विचारताना दोन गोष्टी आधीच सांगून टाका: चूल गाडीबाहेर पेटवणार नाही, आणि सकाळी कधी निघणार. जागा निवडताना कडब्याच्या बनमीपासून, म्हणजे गंजीपासून, लांब राहा. एक तर ठिणगीचा धोका, दुसरं म्हणजे बनमीत उंदीर आणि उंदरामागे साप. चपला-बूट रात्री आत घ्या, सकाळी झटकून घाला.

पैसे द्यायचे का, आणि किती?

पंप, धाबा, कार्यालय इथे सरळ विचारून द्या. शेतात घरच्या म्हाताऱ्याच्या हातात नोट ठेवू नका, अपमान होतो. त्यापेक्षा विकत घ्या. दोन पायल्या ज्वारी, माघात हरभऱ्याचे डहाळे, पेरू, जे असेल ते. बीडकडे सीताफळं, जालन्याकडे मोसंबी, उन्हाळ्यात केसर आंबा. मराठवाड्यातल्या या तिन्ही फळांना भौगोलिक मानांकन आहे, आणि बांधावर घेतलेल्या फळाला बाजारातल्याची सर येत नाही. हुरड्याच्या दिवसांत जी कृषी पर्यटन केंद्रं चालतात तिथे मात्र दर ठरलेला असतो. तिथे घासाघीस न करता द्या, आडवारी गेलात तर आयत्या वेळीही जागा मिळते.

शाळेच्या किंवा देवळाच्या आवारात?

देऊळ बरं. सभामंडप, नळ, ओटा असतो आणि पुजारी किंवा कोणीतरी म्हातारं माणूस झोपायला असतं. सप्ताह चालू आहे का ते विचारा. असेल तर पहाटे काकड्याला भोंगा लागणार, पण जेवणाची पंगतही ठरलेली.

शाळेचं सांगतो. जिंतूर तालुक्यात एका शुक्रवारी सरपंचांच्या परवानगीनं जिल्हा परिषदेच्या शाळेत गाडी लावली. शनिवारी शाळा सकाळची असते हे साफ विसरलो. जाग आली ती राष्ट्रगीतानं. पडदा सरकवून बघतो तर समोर पूर्ण शाळा रांगेत उभी, आणि मी बनियनवर. बाहेर पडायचं तर रांगेतूनच वाट. गुरुजींनी शेवटी सगळ्या वर्गांना गाडी आतून दाखवायला लावली. दहा वाजले निघायला. रविवारच्या आदल्या रात्रीशिवाय शाळेत थांबू नका.

तुळजापूर, परळी, औंढा, नांदेड इथे ऐनवेळी जागा मिळते का?

कोणत्या दिवशी जाता यावर आहे. तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमेला गर्दी. नवरात्रात आणि कोजागिरीला तर गाव चालत येणाऱ्या भाविकांचं असतं, वाहनांचे रस्ते बदलतात. तेव्हा धाराशिवला, वीसेक किलोमीटर अलीकडे, गाडी लावा आणि एसटीनं जा. परळी वैजनाथ आणि औंढा नागनाथ महाशिवरात्र आणि श्रावणी सोमवार सोडून निवांत असतात. पैठणला नाथषष्ठीत दिंड्यांच्या ट्रकांमध्ये शिरू नका.

नांदेडला सचखंड हुजूर साहिबमध्ये लंगर अखंड चालतो आणि यात्री निवास आहेत. गाडीतच झोपायचं असेल तर पार्किंगमध्ये सेवादारांना विचारा. डोकं झाकलेलं ठेवा, आणि गाडीत तंबाखू-बिडी असेल तर ती या आवारात आणूच नका. दसरा आणि होला मोहल्ल्याच्या सुमारास देशभरातून संगत येते, तेव्हा शहराबाहेरच थांबा.

नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात असते. घोडे, उंट, गाढवं सगळं विकायला येतं आणि लोक पालं ठोकून राहतात. तिथे कोणी कोणाला परवानगी विचारत नाही. गाडीत राहणारी माणसं बघून कोणाला नवल वाटलं नाही असं मला भेटलेलं हे एकच ठिकाण.

वेरूळ-अजिंठ्याला काय सोय?

वार लक्षात ठेवा: वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. अजिंठ्याला गाडी लेण्यांपर्यंत जात नाही. फर्दापूरच्या टी-पॉइंटला ठेवायची आणि पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसनं जायचं. मुक्काम फर्दापुरात करा, पर्यटन महामंडळाचं निवास तिथे आहे, आवारात लावू देतात का ते विचारा. वेरूळला घृष्णेश्वरामुळे भक्तनिवास आणि लॉज भरपूर. म्हैसमाळला रात्री गारवा छान, पण पावसाळ्यातल्या रविवारी अख्खं संभाजीनगर वर गेलेलं असतं.

उंच गाडी असेल तर एक सूचना. दौलताबादहून वेरूळकडे जाणारा जुना रस्ता किल्ल्याच्या तटबंदीतल्या दरवाजातून जातो. गाडीची उंची, छतावरच्या कॅरिअरसकट, टेपनं मोजून डॅशबोर्डवर लिहून ठेवा. खेड्यांतल्या जुन्या वेशींनाही हेच लागू.

किल्ल्यांच्या आत, मग नळदुर्ग असो की परांडा, मुक्काम नाही. गौताळा, येडशी-रामलिंग, नायगाव मयूर ही अभयारण्यं आहेत. वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्री तिथे थांबणं म्हणजे गुन्हा अंगावर घेणं.

समृद्धी महामार्गावर कडेला थांबून झोप काढली तर?

अजिबात नको. 120 च्या वेगानं गाड्या येतात, आणि कडेला उभ्या वाहनाला मागून धडक बसण्याचे अपघात तिथे झालेले आहेत. थांबायचं तर नेमलेल्या सुविधा केंद्रावर, नाहीतर सरळ खाली उतरा. माळीवाड्याला उतरलात तर दौलताबाद-वेरूळ जवळ, सावंगीला उतरलात तर संभाजीनगर. जालन्याच्या उतरणीवर शहर लगेच लागतं.

पावसाळ्यात जावं का? काळ्या मातीचा एवढा बाऊ का करतात?

कारण ती बाऊ करण्यासारखीच आहे. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पावसात ती चाकाला अशी लपेटते की टायरची नक्षी भरून जाते, मग टायर नुसता गोल गुळगुळीत लाडू. माजलगावच्या पुढे परतीच्या पावसात आम्ही रस्त्यापासून अवघे वीस फूट आत गेलो, कारण वरची माती सुकलेली दिसली. सकाळी मागची चाकं डिस्कपर्यंत खाली होती. मी ॲक्सिलरेटर दाबत राहिलो, हा माझा मूर्खपणा. प्रत्येक दाबाला गाडी आणखी बसत होती. शेवटी शेजारच्या वावरातला ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाल्या दादांनी साखळी कुठे बांधायची हे विचारलं आणि मला ते माहीत नव्हतं. तुमच्या गाडीचा टोइंग हूक कुठे आहे ते आजच बघून ठेवा.

जूनपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत मुरूम, डांबर किंवा काँक्रीट सोडून चाक खाली उतरवायचं नाही. चालून बघा: टाचेनं दाबल्यावर खळगा पडला तर गाडी नको.

जायकवाडी, येलदरी, मांजरा अशा धरणांच्या काठी?

दिवसा बसा, रात्री नको. जायकवाडीचा जलाशय, म्हणजे नाथसागर, पक्षी अभयारण्य आहे. बाकी जलाशयांवरही पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जमीन गाळपेऱ्यासाठी दिलेली असते, म्हणजे ती पण कोणाची तरी. वरून पापुद्रा वाळलेला, आत गाळ. वरच्या प्रश्नाचं उत्तर पुन्हा वाचा.

पाणी, वीज आणि संडासाची टाकी?

पाण्याची टाकी वॉशिंग सेंटरवर भरा. गाडी धुवून घ्या आणि टाकीही भरून द्या म्हणा, प्रेशर चांगलं असतं, पाच मिनिटांचं काम. ते पाणी भांड्या-आंघोळीचं. पिण्यासाठी गावोगावच्या फिल्टर प्लांटवरून वीस लिटरचा जार घ्या. एप्रिल-मेमध्ये खेड्यात ऐंशी लिटर पाणी मागू नका. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आमच्या घरी त्या उन्हाळ्यात भांडी धुतलेलं पाणी झाडांना जायचं. तेव्हापासून मला उन्हाळ्यात कोणाच्या हौदाकडे बोट दाखवायला लाज वाटते.

शेतात "पाणी मिळेल का" यापेक्षा "लाईट कधी येते" असं विचारा. मोटारीची थ्री फेज लाईट बऱ्याच ठिकाणी पाळीनं येते, कधी दिवसाची पाळी, कधी रात्रीची. लाईट आली की पाणी. चार्जिंग घ्यायचं तर घरातल्या मीटरवरच्या प्लगमधून, स्टॅबिलायझर लावून. कोणी प्रेमानं आकडा टाकून देतो म्हणालं तरी नको म्हणा, ती वीजचोरी आहे. छतावर सोलर पॅनल असेल तर हा प्रश्न जवळजवळ मिटतो. ऊन हे एक आपल्याकडे कधी कमी पडत नाही.

गॅससाठी पाच किलोचा छोटा सिलेंडर ओळखपत्रावर मिळतो. मैल्याची टाकी फक्त सेप्टिक टाकी जोडलेल्या संडासात रिकामी करा, तीही विचारून. नाल्यात, विहिरीजवळ, उसाच्या फडात कधीच नाही.

रात्री गाडी चालवावी का?

ऊस हंगामात मुळीच नको. दिवाळीनंतर कारखाने पेटले की दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाखाली झाकलेला, आणि टेपरेकॉर्डर मात्र जोरात. त्याच सुमारास बैलगाड्याही असतात. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर 1033, पोलीस किंवा कोणतीही अडचण असेल तर 112. एकटी बाई किंवा फक्त बायका असतील तर थांबण्याआधी जवळच्या ठाण्यात गाडीचा नंबर सांगून ठेवा. आमच्या पुतणीनं तसं केलं तेव्हा रात्री गस्तीची गाडी एक चक्कर मारून गेली.

कोणता महिना चांगला?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. परभणीला थंडी बोचते, पारा दहाच्या खाली उतरतो, दोन रजया ठेवा. मार्चनंतर पत्र्याच्या गाडीत झोपणं म्हणजे भट्टीत भाकरी होणं.

साध्या व्हॅनमध्ये पलंग बसवला तर चालतो का?

काढता-घालता येणारी गादी टाकलीत तर कोणी विचारत नाही. सीटा काढून कायमची बांधणी केली की तो गाडीच्या रचनेतला बदल होतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. विमा कंपनीलाही कळवा. आम्हाला या कागदांसाठी चार खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला नवा माणूस आत येऊन पलंगावर बसून बघायचा.

आमचं हायवेलगत शेत आहे. अशा गाड्यांना जागा द्यायची म्हटलं तर काय करावं लागेल?

हा प्रश्न हल्ली वाढलाय, बरं वाटतं. पाच-सहा गुंठे सपाट करून मुरूम दाबून घ्या, पाण्याचा उतार काढा. एक स्वच्छ संडास, एक नळ, मीटरवरून एक प्लग. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 चं आहे, नोंदणीसाठी पर्यटन संचालनालयाकडे चौकशी करा. स्विमिंग पूल आणि झोके नकोत, आम्हाला रात्री फक्त झोपायचं असतं. दर पाटीवर लिहा. आणि फाट्यापासून शेतापर्यंतच्या वाटेवर लोंबणारी तार असेल तर आधी ती वर घ्या, कारण गेल्या वर्षी एका चांगल्या जागेवरून आम्हाला एवढ्याचसाठी अर्धा किलोमीटर उलटी गाडी घेत परत यावं लागलं.